वापरलेला मोरपंखी झगा

“सकाळी आठला निघायचं. साडेअकराला सरहद्दीच्या पुलावर. बाराला पलीकडे. दोनला गावात. आणि अडीचला कोम्पाद्रे रोमुलोच्या अंगणात पाय पसरून भाजलेल्या करडावर ताव मारायचा!”

एव्हारिस्तो गार्साने हा बेत उजव्या हाताच्या बोटांवर मोजून दाखवला. पाच टप्पे, पाच बोटं! जो बेत एका हातात मावतो तो बिघडूच शकत नाही, असं त्याचं ठाम मत होतं.

“सहावं बोट असतं तर चर्चमधली मिस्साही मोजली असतीस,” त्याची बायको ओब्दुलिया म्हणाली. “पाचला आहे. बाकी सगळं विसर, तेवढी विसरू नकोस.”

“अगं म्हातारे, अडीचला पोचणाऱ्या माणसाला पाचची काळजी कसली?”

मंडळी, ज्याच्या तोंडी असं वाक्य येतं त्याची वेळ भरलीच म्हणून समजा. पण एव्हारिस्तोला कोण सांगणार? सव्वीस वर्षं त्याने टेक्सासात, सान अंतोनियो शहरात लोकांच्या घरांवर छपरं घातली होती. आता गुडघ्यांनी राजीनामा दिला होता, म्हणून नवरा-बायको कायमचे आपल्या गावी, मेक्सिकोतल्या लास पालोमासला परत निघाले होते. पुढे पिकअप, मागे ट्रॉली, आणि ट्रॉलीत सव्वीस वर्षांचा संसार. फ्रिज, शिवणयंत्र, दोन पलंग, सहा खुर्च्या, लोखंडी पिंपाची शेगडी, अडल्यानडल्यांच्या संत हुदासची हातभर मूर्ती. सामान त्याने असं ठासून बसवलं होतं की मुंगीला आत शिरायचं तर पोट आत घेऊन शिरावं लागलं असतं! वर ताडपत्री, ताडपत्रीवर दोर, आणि दोराला एव्हारिस्तोची ती प्रसिद्ध गाठ. छपरावर कमरेला बांधायची गाठ ती. सुटली तर माणूस खाली. म्हणून ती सुटत नाही म्हणजे नाही!

शिवाय यादी होती. एक ते चौऱ्याण्णव वस्तू, चार प्रती, प्रत्येक पानावर वकिलातीचा गोल शिक्का. कायमचं परत येणाऱ्याला आपलं घरसामान जकात न भरता नेता येतं. अट एकच, सामान वापरलेलं असावं. एव्हारिस्तोचं सगळंच वापरलेलं होतं. खुर्च्या तर इतक्या वापरलेल्या की बसण्यापूर्वी त्यांची परवानगी घ्यावी लागे.

नवी वस्तू एकच. ती यादीत नव्हती. ती मागच्या सीटवर एका भल्यामोठ्या खोक्यात होती.

तो झगा होता. रोमुलो आणि चेला यांची मुलगी यारेली त्या शनिवारी पंधरा वर्षांची होत होती. मुलगी पंधराची झाली की गावात लग्नासारखा सोहळा. आधी चर्चमध्ये मिस्सा, मग जेवण, मग नाच. खर्च एकट्या बापाच्या डोक्यावर नको म्हणून एकेक जण एकेक गोष्ट उचलतो आणि त्या गोष्टीचा धर्मपिता होतो. केकचा धर्मपिता वेगळा, बुटांचा वेगळा, मुकुटाचा वेगळा, बँडचा वेगळा. एव्हारिस्तो आणि ओब्दुलिया झग्याचे. त्यांना मूल नव्हतं. यारेलीला बाप्तिस्म्याच्या पाण्यावर त्यांनीच धरलं होतं, त्यामुळे जीव तिच्यावरच; ती त्यांना पाद्रिनो-माद्रिना म्हणे, आणि तिचे आईबाप त्यांचे कोम्पाद्रे-कोमाद्रे. झगा तिने फोटोत पाहून स्वतः निवडला होता. मोरपंखी रंग, जाळीचे सात थर, आत तारेच्या कड्या, झालरीत बारीक दिवे, आणि पाठीवर आवळायची रेशमी फीत. फितीवर सोनेरी दोऱ्याने नाव भरलेलं, यारेली. ती फीत ओब्दुलियाने चष्मा लावून महिनाभर स्वतःच्या हाताने भरली होती.

“फादर अन्सेल्मोंकडे चार गावं आहेत हो कोमाद्रे,” चेलाने फोनवर बजावलं होतं. “पाच म्हणजे पाच! सहाला ते पुढच्या गावी जाणार. झगा वेळेवर आला नाही तर पोरगी मिस्सेला जीन घालून उभी राहायची!”

सान अंतोनियोहून निघाले ते बरोबर आठला. दहापर्यंत सगळं बेताप्रमाणे. सरहद्दीवरच्या लारेडोच्या अलीकडे पेट्रोल भरायला थांबले आणि एव्हारिस्तोला नाचो आठवला.

नाचो म्हणजे त्याचा न्हावी. उंटावरचा शहाणा! स्वतः पंधरा वर्षांत एकदाही सरहद्द ओलांडली नव्हती, पण सल्ला मात्र दाढीबरोबर फुकट. “एव्हारिस्तोराव,” तो वस्तरा हवेत फिरवत म्हणाला होता, “यादीबाहेरची एक जरी नवी वस्तू सापडली ना, की सगळी यादी खोटी धरतात! ट्रॉली जप्त! संत हुदाससुद्धा जप्त!”

एव्हारिस्तोने मागच्या खोक्याकडे पाहिलं. खोक्यावर दुकानाचं नाव ढळढळीत. कपाळाला घाम फुटला. आणि मग, देवा रे, त्याला युक्ती सुचली.

“म्हातारे, कपडा वापरलेला कधी होतो?”

“धुतला की.”

“अंगावर चढवला की! एकदा अंगावर चढला की तो वापरलेला. बायकोच्या अंगावरचा कपडा कोण जप्त करणार?”

ओब्दुलियाच्या हातातला मक्याच्या पिठाचा तमाल तोंडापाशीच थांबला. “एव्हारिस्तो, मी अठ्ठावन्न वर्षांची आहे.”

“म्हणून काय झालं? मापाने सैलच शिवलाय की. पोरगी वाढत्या अंगाची आहे म्हणून.”

“पोरगी वाढत्या अंगाची आहे. मी वाढून झालेली आहे!”

“यारेलीसाठी,” एव्हारिस्तो म्हणाला.

हा त्याचा हुकमाचा एक्का होता. ओब्दुलिया खोकं घेऊन पेट्रोलपंपाच्या मोरीत शिरली. आतून वीस मिनिटं “आई गं”, “पवित्र माते” आणि इतर काही शब्द ऐकू आले जे पवित्र नव्हते. दार उघडलं तेव्हा आधी झगा बाहेर आला आणि बऱ्याच वेळाने ओब्दुलिया. पाठीमागे वीतभर फट होती.

“श्वास सोड!” एव्हारिस्तोने गुडघा तिच्या पाठीला टेकवला आणि फीत अशी खेचली, जशी वादळापूर्वी ताडपत्री खेचतात. मग सवयीने हात चालले, एक वेढा, दोन वेढे, आतून बाहेर, आणि खटकन गाठ!

“आता श्वास घेऊ का?” ओब्दुलियाने बारीक आवाजात विचारलं.

“पलीकडे गेल्यावर घे!”

झगा पिकअपमध्ये बसवणं हे ट्रॉली भरण्यापेक्षा अवघड निघालं. ओब्दुलिया बसली की पुढच्या कड्या उठून काचेला भिडत. कड्या दाबल्या की मागची बाजू उसळून तिच्या डोक्यावर टोपडं होई. शेवटी एव्हारिस्तो अंदाजाने जाळीत हात घालून गिअर शोधू लागला.

“ते माझं ढोपर आहे!”

“म्हणूनच दुसरा गिअर पडेना!”

असे ते मोरपंखी ढगातून वाट काढत पुलावर पोचले, तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. एक अख्खं बोट चुकलं होतं.

पुलावर शनिवारची रांग. गाड्या गोगलगायीला लाजवणाऱ्या चालीने सरकत होत्या, आणि मधल्या जागेत चिंचेच्या गोळ्या, वर्तमानपत्रं, फुगे, उशा असं सगळं विकणारे. एका गोळ्यावाल्या बाईने खिडकीतून डोकावलं आणि छातीवर क्रूसाची खूण केली.

“नवरी! अहो, नवरी आहे आत! या वयात! देवाच्या घरी उशीर आहे पण अंधेर नाही हो!”

“मी नवरी नाही...” ओब्दुलियाने सुरुवात केली, पण फितीने तिला एका वेळी तीनच शब्दांपुरता श्वास दिला होता. ते तीन संपेपर्यंत बातमी पाच गाड्या पुढे गेली होती. हॉर्न वाजू लागले. एका बसमधून टाळ्या आल्या. आणि कुठून कोण जाणे, एक अकॉर्डियन, एक जाडी गिटार आणि एक भलीमोठी टोपी असे तिघे खिडकीशी उभे राहिले आणि त्यांनी प्रेमगीत सुरू केलं.

“नको रे बाबांनो!” एव्हारिस्तो ओरडला.

“नवऱ्या मुलाला लाज वाटते!” टोपीवाला लोकांना म्हणाला, आणि दुसरं कडवं अधिक जोरात सुरू झालं. एका म्हातारीने बसमधून उतरून खिडकीतून हात घातला, ओब्दुलियाच्या कपाळावर क्रूसाची खूण केली आणि म्हणाली, “पोरी, धीर सोडला नाहीस, म्हणून देवाने दिला. दिसायला बेताचा आहे. पण दिला.”

एव्हारिस्तोने काच वर केली. काचेत जाळी अडकली. काच परत खाली केली. गाणं आत आलं.

अशी वरात पुलाच्या पलीकडल्या टोकाला आली. तिथे डोक्यावर दिवा असतो. गाडी पुढे आली की तो आपला आपण लागतो. हिरवा लागला तर सुखाने जा, तांबडा लागला तर बाजूच्या शेडमध्ये चला, सामान दाखवा. कोणाला कुठला लागेल ते त्या दिव्यालाच ठाऊक. ओब्दुलियाने डोळे मिटले. “संत हुदास, सव्वीस वर्षं मेणबत्ती चुकवली नाही. एक हिरवा. एकच!”

तांबडा लागला.

खरं तर संताचा काय दोष? तो बिचारा ट्रॉलीत, फ्रिज आणि शेगडीच्या मध्ये उलटा अडकला होता.

शेडमध्ये एक तरुण जकात अधिकारी आला. त्याने यादी पाहिली, शिक्का पाहिला, मान डोलावली. सगळं इतकं छान चाललं होतं! तो म्हणाला, “गाडीतली माणसं खाली उतरा,” आणि ओब्दुलिया उतरली. म्हणजे आधी तिचे पाय आले, मग कड्या सुटल्या आणि झगा “भप्प” असा उघडला, त्यासरशी अधिकारी दोन पावलं मागे सरला.

“हे... काय आहे?”

“माझी बायको,” एव्हारिस्तो म्हणाला.

“ते नव्हे. हे!”

“हा तिचा नेहमीचा कपडा आहे, साहेब. वापरलेला.”

“यादीत आहे?”

“अंगावरचे कपडे यादीत कशाला?” एव्हारिस्तोला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं. तिथे थांबता आलं असतं. पण जीभ म्हणजे उतारावरची हातगाडी! “लग्नातला आहे. आठवण म्हणून घालते. प्रवासात.”

“लग्नात मोरपंखी?”

“आमच्याकडे तशीच पद्धत आहे.”

“आमच्याकडे म्हणजे कुठे?”

“लास पालोमासला.”

“माझं आजोळ लास पालोमासचं आहे,” अधिकारी म्हणाला.

एव्हारिस्तोने हॅट सारखी केली. “ही पद्धत... बंद पडली.”

तेवढ्यात ओब्दुलिया तोल सावरायला जराशी वळली, कमरेजवळचं कुठलं तरी बटण दाबलं गेलं, आणि झगा पेटला! म्हणजे दिवे लागले. झालरीच्या सातही थरांत निळे, पांढरे, गुलाबी दिवे पळू लागले. शेडमधले कुत्र्यासकट सगळे जमा झाले.

“लग्नातलेच दिवे का हे?” अधिकाऱ्याने शांतपणे विचारलं.

“बंद कर गं!” एव्हारिस्तो कुजबुजला.

“कुठून करू? मला... माझी कंबर... दिसत नाही!”

गर्दी बाजूला सारत मोठ्या बाई आल्या. झुलेमा काव्हासोस, शेडच्या प्रमुख. सोनेरी चष्मा, केस घट्ट मागे, चेहऱ्यावर जगातली सगळी खोटी कारणं ऐकून झाल्याची शांती. त्यांनी ओब्दुलियाभोवती एक सावकाश फेरी मारली. पाहणाऱ्याला वाटावं, प्रदक्षिणाच घालताहेत.

“किती सालचा म्हणालात?”

“एकोणीसशे एक्याण्णव,” एव्हारिस्तो म्हणाला.

“माझ्या मुलीची पंधरावी मागच्या महिन्यात झाली. असाच झगा. दुकानदार म्हणाला, ही फॅशन यंदाच्या नोव्हेंबरात आली.”

आता तरी! मंडळी, आता तरी शहाण्या माणसाने गुडघे टेकावेत की नाही? पण एक खोटं उभं राहिलं की त्याला टेकू लागतो, टेकूला दुसरा टेकू लागतो, आणि शेवटी घर राहतं बाजूलाच, नुसत्या टेकूंचंच रान होतं!

“त्यांनी आमचंच पाहून केलं असेल,” एव्हारिस्तो म्हणाला.

बाई ओब्दुलियाच्या पाठीमागे गेल्या, काखेखाली हात घातला आणि दोऱ्याला लटकणारा एक पुठ्ठ्याचा चौकोन अलगद बाहेर काढला. दुकानाचं नाव, तारीख, किंमत. मापात बसला नाही तर बदलून मिळावा म्हणून ओब्दुलियाने तो मुद्दाम ठेवला होता.

शेडमधले सगळे माना उंचावून किंमत वाचू लागले.

आणि एव्हारिस्तो रडला! हातात हॅट घेऊन, लहान पोरासारखा. “बाईसाहेब, माझं चुकलं. ट्रॉली घ्या, फ्रिज घ्या, मला आत टाका! पण झगा सोडा. माझ्या धर्मकन्येची मिस्सा आहे पाचला, तो तिचा आहे. तिच्याकडे दुसरा नाही. मी शब्द दिलाय हो तिला!”

बाईंनी चष्मा काढला. “म्हणजे ही भेट आहे?”

“हो.”

“मुलीसाठी?”

“हो.”

“अहो, मग तसं सांगायचं! माणशी भेटवस्तूंना तेवढी सूट असतेच. खोकं दाखवलं असतं, बिल दाखवलं असतं, ‘जा बाबा’ म्हटलं असतं. पाच मिनिटांचं काम.”

एव्हारिस्तोचे अश्रू जागच्या जागी थांबले. ओब्दुलियाने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. झगा निळा, पांढरा, गुलाबी होत होता, पण तिच्या चेहऱ्याचा रंग एकच होता.

“पाच... मिनिटं,” ती म्हणाली.

“नाचो म्हणाला...”

“नाचोला मी... बघते. तुला... आधी.”

“पण एक आहे,” बाई म्हणाल्या, आणि पुन्हा चष्मा चढवला. “तुम्ही माझ्या माणसापुढे पाच वेळा खोटं बोललात. आता मला सगळं बघावं लागेल. चौऱ्याण्णवच्या चौऱ्याण्णव वस्तू. नियम आहे.”

घड्याळात पावणेदोन. तीन माणसं ट्रॉलीकडे गेली आणि तिथेच थबकली. ताडपत्रीची गाठ कोणालाच सुटेना. एव्हारिस्तोने स्वतः हात लावला. चार गाठींपैकी पहिली सुटायला वीस मिनिटं गेली. मग सामान बाहेर यायला लागलं, पण एक खुर्ची काढली की दोन पाट्या घसरत, आणि शिवणयंत्र काढायचं तर आधी पलंग काढायला हवा, पलंग काढायचा तर फ्रिज. अडीच वाजले तेव्हा एकतिसाव्या वस्तूवर बरोबरची खूण झाली होती.

“सगळं परत भरेपर्यंत संध्याकाळचे सहा होतील,” तरुण अधिकारी म्हणाला. “लास पालोमासचा रस्ता दोन तासांचा.”

एव्हारिस्तो फरसबंदीवर मांडलेल्या आपल्या संसाराकडे पाहत उभा राहिला. सव्वीस वर्षं! प्रत्येक वस्तूमागे एक छप्पर, प्रत्येक छपरामागे एक उन्हाळा. त्याने आजवर आपली हातोडी शेजाऱ्याला उसनी दिली नव्हती. कोणी मागितली तर तो हातोडीबरोबर स्वतः जात असे.

“ट्रॉली इथे कुलपात ठेवता येईल,” मोठ्या बाई म्हणाल्या. आवाज जरासा मऊ झाला होता. “सोमवारी नऊला या. पण विचार तुम्ही करा. मी सांगणार नाही.”

“मी थांबतो,” एव्हारिस्तो म्हणाला. “म्हातारे, तू गाडी घेऊन...”

“या कड्यांत मी... गाडी चालवू? आणि पोरगी विचारेल... पाद्रिनो कुठे... तर काय सांगू? फ्रिज राखतोय?” ओब्दुलियाने जेवढा मिळेल तेवढा श्वास घेतला. “अरे, फ्रिज... दहा वर्षांनी... पुन्हा नवा येतो. पोरगी पंधराची... पुन्हा होत नाही. सोड ती ट्रॉली!”

एव्हारिस्तोने ट्रॉलीचा आकडा सोडला. सोडताना संत हुदासला सरळ उभं केलं, फ्रिजच्या दारावर एकदा हात फिरवला आणि मागे न बघता पिकअपमध्ये चढला.

“आणि आधी हा... झगा सोड... माझ्या अंगावरून,” ओब्दुलिया म्हणाली. “मला मेलीला... श्वास घेऊ दे.”

एव्हारिस्तोने गाठीला नख लावलं. घामाने फीत फुगली होती, गाठ बोराच्या बीसारखी टणक. ओढली, ढकलली, दातांनी धरली. छे! तरुण अधिकाऱ्याने मदत म्हणून खिशातला चाकू काढला.

“खबरदार!” ओब्दुलिया कडाडली. “त्या फितीवर... माझ्या पोरीचं... नाव आहे! आहे तशीच... मला घेऊन चल. पण चाकू लावायचा नाही!”

मग ती दोन तासांची दौड. ट्रॉली नसल्याने पिकअप पाखरासारखी हलकी झाली होती, आणि ओब्दुलिया प्रत्येक खड्ड्याला तीन-तीन शब्दांत नवऱ्याचा उद्धार करत होती. दिवे काही बंद झाले नाहीत. वाटेत एका ट्रकने त्यांना रुग्णवाहिका समजून वाट दिली, तेवढाच फायदा.

लास पालोमासच्या चर्चपुढे पिकअप थांबली तेव्हा पाचला सात मिनिटं होती. आवारात अख्खं गाव. बँडवाल्यांना रोमुलोने सकाळीच बजावलं होतं, “गाडीतून मोरपंखी झगा उतरला की लगेच वाजवायचं, वाट बघायची नाही!” माणसं शब्दाला पक्की. दार उघडलं, झगा लुकलुकत उतरला, आणि कर्ण्यांनी आभाळ फाडलं! ढोल घुमला, पोरांनी कागदाचे तुकडे उधळले, आणि फादर अन्सेल्मो, वय ब्याऐंशी, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चर्चच्या पायरीवर पुढे आले. त्यांनी तीर्थ शिंपडलं आणि चाचपत ओब्दुलियाच्या मस्तकाला स्पर्श केला.

“ये माझ्या लेकरा,” ते गहिवरून म्हणाले. “बालपण आज मागे पडलं!”

“खूपच मागे पडलं फादर,” ओब्दुलिया म्हणाली, आणि तिला हसू फुटलं. म्हणजे फितीने परवानगी दिली तेवढंच, “हिक्, हिक्, हिक्” असं.

चर्चच्या दारात यारेली उभी होती. केसांत मुकुट, पायांत नवे बूट आणि मधल्या सगळ्या भागात आईचा जुना गाऊन. तिने आधी झगा पाहिला. मग झग्यातली बाई. मग पाद्रिनोचा चेहरा. सगळ्या गावाला वाटलं, आता पोर रडणार! पण ती अशी हसली की बांधलेला मुकुट कानावर आला. धावत येऊन तिने ओब्दुलियाला मिठी मारली, म्हणजे कड्यांनी जेवढी मारू दिली तेवढी.

“माद्रिना, तुम्हालाच जास्त शोभतोय!”

“मग मीच... होते... पंधराची!”

“पाच वाजले,” फादर म्हणाले.

चेलाने दोघींना आत मागच्या खोलीत ढकललं, जिथे चर्चची वस्त्रं ठेवतात. एव्हारिस्तो दाराबाहेर. आतून सूचना, “असं नाही, खालून!”, “चिमटा द्या!”, “चिमटा वाकला!” शेवटी चेलाने जेवणाच्या मंडपातून दोन काटे मागवले, एक गाठीत रुतवला, दुसऱ्याने उचकटला.

“ही गाठ कोणी मारली?” आतून चेला ओरडली.

एव्हारिस्तो भिंतीवरचा येशूचा फोटो बघू लागला.

पाच वाजून अकरा मिनिटांनी गाठ सुटली. ओब्दुलियाने असा श्वास घेतला की आतली मेणबत्ती विझली. फितीचा एक धागासुद्धा तुटला नव्हता. झगा यारेलीवर चढला, चेलाने फीत ओवली, साधी सुरगाठ मारली. सगळं झालं. आणि मग दार बोटभर उघडलं आणि ओब्दुलियाचा एकच डोळा बाहेर आला.

“एव्हारिस्तो, माझे कपडे दे.”

“कुठले कपडे?”

“पेट्रोलपंपावर उतरवलेले. पिशवी तुझ्याकडे दिली होती.”

 झग्यामुळे गाडीत तीळभर जागा नव्हती, म्हणून ती पिशवी त्याने ताडपत्रीखाली, शेगडीच्या पिंपात सरकवली होती. ट्रॉलीत. कुलपात. सोमवारी नऊपर्यंत.

त्याने ते सांगितलं. दार धाडकन लागलं. मग, “देवळात आहे म्हणून वाचलास.”

यारेलीने उतरवलेला गाऊन तिच्या खांद्यांखाली उतरेना, म्हणून ओब्दुलिया मिस्सेला आली ती गायकवृंदाचा जुना, लाल, पायघोळ अंगरखा घालून. आणि तो अंगरखा घातलेल्या बाईला कोण पहिल्या बाकावर बसू देणार? गायकांच्या बाईने तिला हाताला धरून आपल्या रांगेत ओढलं आणि वही हातात दिली. ओब्दुलियाला गाता येत नव्हतं. पण दिवसभर आवळलेला श्वास आता मोकळा होता! पहिल्याच स्तोत्राला तिने असा सूर लावला की कबुतरं उडाली, फादर अन्सेल्मोंनी दचकून वर पाहिलं आणि बाकीचे गायक, नाइलाजाने का होईना, तिच्यामागे गेले. उंच, खोटा, आनंदाने ओथंबलेला सूर तो. वेदीपुढे यारेली मोरपंखी झग्यात गुडघे टेकून होती, झालरीत दिवे पळत होते, कारण ते अजूनही कोणाला बंद करता आले नव्हते, आणि एव्हारिस्तो पहिल्या बाकावर एकटाच, छपरावरच्या मळक्या बुटांत, हॅट तोंडापुढे धरून बसला होता. तो हसत होता की रडत होता ते शेजारच्यालाही कळलं नाही.

मंडपात जेवताना त्याने भाजल्या करडाचा पहिला घास उचलला. साडेसहा वाजले होते. तेवढ्यात चेला मक्याच्या तोर्तियांची टोपली घेऊन आली आणि शेजारी टेकली.

“कोम्पाद्रे, झगा तर काय दृष्ट लागण्यासारखा हो! आता पुढल्या वर्षी धाकटी पंधराची होतेय. ती आत्तापासूनच म्हणते, पाद्रिनोंनीच आणायचा, तिकडूनच. मी तुमचं नाव लिहूनच ठेवलंय.”

एव्हारिस्तोचा घास हातातच राहिला. त्याने पुलाच्या दिशेला पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं. ओब्दुलिया लाल अंगरख्यात सावकाश, मोकळा श्वास घेत जेवत होती.

“कोमाद्रे,” तो खाकरून म्हणाला, “धाकटीचा मी केक करतो. केक इथेच भाजतात. सरहद्द ओलांडत नाही.”

“चालेल की!” चेला म्हणाली.

“चालेल,” ओब्दुलिया ताटातून मान वर न करता म्हणाली. “पण तो मी अंगावर घालणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते!”